वीकेंडला कुठे? इथेच!

शुक्रवारी संध्याकाळी ऑफिसात हमखास विचारला जाणारा प्रश्न, 'वीकेंडला कुठे?' लोणावळा, अलिबाग, गोवा ही ठरलेली उत्तरं. हल्ली त्यात 'बोरिवली'ही ऐकू येतं आणि कुणी हसतसुद्धा नाही!

स्टेकेशन हा शब्द अमेरिकेत रुळला तो २००८च्या मंदीत, खिसे रिकामे झाले तेव्हा. आपल्याकडे त्याला हवा मिळाली २०२०च्या लॉकडाऊननंतर. हिशेब सोपा आहे. सुट्टी दोन दिवसांची, त्यातला अर्धा दिवस घाटातल्या ट्रॅफिकमध्ये. मग जायचंच कशाला?

मी मुंबईचीच, तरी कान्हेरी निवांत पाहिली ती गेल्या हिवाळ्यात. नॅशनल पार्कच्या गेटपासून सहा-सात किलोमीटर आत गेलं की शंभराहून जास्त लेणी. मूर्ती तर सुंदर आहेतच, पण मी रेंगाळले ती पाण्याच्या टाक्यांपाशी. कातळात पन्हळी कोरून पावसाचं पाणी त्यात साठवलेलं. भिक्षूंनी शतकानुशतकं केलेलं रेन वॉटर हार्वेस्टिंग! आणि आमच्या सोसायटीत मे महिन्यात टँकर.

ज्यांना एवढंही जमत नाही, त्यांच्यासाठी व्हर्च्युअल ट्रॅव्हल आहे. पॅरिसचं लूव्र घरबसल्या बघता येतं. जुलै २०२२पासून गुगल स्ट्रीट व्ह्यूवर मुंबई, पुणे, नाशिकचे रस्तेही दिसतात. हा नुसता टाइमपास नाही हं! माझ्या आईचे गुडघे दुखतात. घारापुरीच्या शंभरावर पायऱ्या चढणं तिला शक्य नाही. एका रविवारी टीव्हीवरच तिला त्रिमूर्ती दाखवली. ती बराच वेळ बघत राहिली. मग म्हणाली, 'छान आहे गं. पण लाँचमधला वारा कुठाय यात? मला धक्क्यापर्यंत तरी ने. वर तू एकटी जा.' पुढच्याच शनिवारी आम्ही गेटवेला होतो.

स्टेकेशनमध्ये एक धोका मात्र आहे. 'शहरातच आहेस ना? तासभर येऊन जा,' असा बॉसचा फोन! म्हणून तीन नियम : सुट्टी रीतसर टाका, ऑफिसचा मेल बंद ठेवा आणि जागा आधीच ठरवा. नाहीतर अख्खा दिवस सोफ्यावरच जातो. आणि हो, सोमवारी कान्हेरी आणि घारापुरी दोन्ही बंद असतात.

मग, या शनिवारी कुठलं तिकीट काढताय? बोरिवलीचं की लाँचचं?