पाकळीचा ल

भोपाळ,
रथसप्तमीनंतरचा रविवार

चि. रेवा,

आजोबांच्या अक्षरावरून तू फॉन्ट करायला घेतलास, हे तुझ्या बाबांनी सांगितलं. आजोबांची हिशेबाची वही सोबत पाठवते आहे. 1956 साली राजधानी इकडे आली आणि नागपूरच्या कचेरीतून आजोबा भोपाळला आले, तेव्हापासूनची. कचेरीत हिंदी, घरी मराठी. पण हात अखेरपर्यंत नागपूरचाच राहिला. पहिल्या पानावरचं ‘लसूण’ बघ. ल च्या दोन पाकळ्या एका ओघात निघाल्यात, दुसरी जरा बसकी. शिरोरेघ शब्द संपल्यावर एका झटक्यात ओढलेली, ण च्या पुढे थोडी निसटलेली.

आत्ताच लिहायला कारण झालं. यंदा हळदीकुंकवाचं निमंत्रण एम. पी. नगरात छापून घेतलं. हाताने लिहिल्यासारखं अक्षर मुद्दाम मागितलं, दिसायला गोडही होतं. पण ल हिंदीचा, उजवीकडे उभा दंड असलेला. श सुद्धा हिंदीचाच. ‘दुसऱ्या मजल्यावर’ मधला र तर य च्या डोक्यावर रफार होऊन बसला. एरवीच्या छापील अक्षरात मी हे सोडून दिलं असतं. पण ‘हे मी स्वतः लिहिलंय’ असं ज्या अक्षराने सांगायचं, तेच दुसऱ्या कुणाच्या हातचं निघालं, तर बोलावणं माझं कसं वाटावं?

महाराष्ट्र शासनाने 2009 च्या निर्णयात पाकळीचा ल आणि देठाचा श ठरवून दिलाय. इथल्या दुकानात तो निर्णय कोण वाचणार? तो फॉन्टच्या आतच हवा. आणि र चं म्हणशील, तर दर्या आणि दऱ्या, रफार आहे की नाही, एवढ्यावरच वेगळे राहतात.

अहमदाबादच्या इंडियन टाइप फाउंड्रीचा ‘कलम’ तू पाहिला असशीलच. लिपी रावल आणि जॉनी पिनहॉर्न यांचा, 2014 चा. पेनाने भराभर लिहिल्यासारखा, पुढे झुकलेला, तरी शिरोरेघ सलग. तुझी कसोटी तिथेच आहे. वहीत रेघ शब्दभर एकच. फॉन्टमध्ये प्रत्येक अक्षर आपापला तुकडा घेऊन येतं. आजोबांची रेघ उजवीकडे चढते, म्हणून तू प्रत्येक तुकडा चढवलास तर शब्दाच्या पायऱ्या होतील. टोकं एका उंचीवर ठेव, हेलकावा मधे दे. आणि ल एकच काढू नकोस. ‘लिहिलेले’ मध्ये तीन येतात, आजोबांच्या हातून तिन्ही वेगळे उतरायचे.

वापरणाऱ्यांनाही सांग: नाव, मथळा, दोन ओळींचं बोलावणं, एवढ्यालाच हे अक्षर घ्या; पत्ता आणि वेळ साध्या उभ्या अक्षरात. अक्षरांमधली फट वाढवू नका, रेघ तुटते.

वही परत करायची घाई नाही. शेवटच्या चार पानांवर त्यांचा हात थरथरतोय. तेवढी पानं फॉन्टसाठी घेऊ नकोस.

तुझी,
आत्या