बांधापलीकडचं पाणी

माणसाला हेवा वाटतो तो जवळच्याचा. मुंबईतल्या एखाद्या उद्योगपतीने कितीही मजली घर बांधलं, तरी चकलांब्यातल्या शेतकऱ्याची झोप त्याने उडत नाही. ती उडते चुलतभावाच्या बोअरला पाणी लागलं म्हणून. आपण स्वतःला मोजतो ते आपल्यासारख्यांशीच, हे अमेरिकन मानसशास्त्रज्ञ लिऑन फेस्टिंगर यांनी १९५४ साली मांडलं. भावकीत हे मोजमाप अगदी उघड्यावर असतं. आजोबा एक, जमीन एक, मधे फक्त एक बांध. आणि पंधरा-वीस वर्षांनी एकाच्या दारात ट्रॅक्टर, तर दुसऱ्याच्या दारात बँकेची नोटीस.

मी मानसशास्त्रज्ञ आहे. बीड जिल्ह्यातल्या गावांतून समुपदेशनाचं काम करते, आणि त्यात गेवराई तालुक्याचा पश्चिमेकडचा, अहिल्यानगर जिल्ह्याच्या हद्दीकडे सरकणारा पट्टा माझ्या विशेष ओळखीचा आहे. चकलांबा याच पट्ट्यातलं. तालुक्याच्या उत्तरेला गोदावरी आहे, जायकवाडीचा उजवा कालवा तालुक्यातून माजलगावकडे जातो. कालव्याचं पाणी पोचतं तिथे ऊस उभा राहतो. पोचत नाही तिथे कापूस, तूर, बाजरी आणि आभाळाकडे डोळे. दिवाळीच्या आगेमागे कित्येक घरांना कुलूप लागतं, कारण कोयता घेऊन ऊसतोडीच्या टोळ्या साखर कारखान्यांकडे निघतात. अशा मुलखात पाणी लागणं, न लागणं हे बरंचसं नशिबावर असतं. दुसऱ्याचं नशीब पाहणं फार जड जातं, कारण त्यात आपली काही चूक सापडत नाही आणि त्याचाही काही गुन्हा सापडत नाही.

माझ्याकडे ‘मला मत्सर होतो’ असं म्हणत कुणी येत नाही. छातीत धडधडतं, पित्त होतं, डोकं जड असतं, झोप नाही, अशी तक्रार घेऊन माणसं येतात. बोलता बोलता एक नाव येतं. ते नाव आलं की आवाज बदलतो. इथे सांगते त्या माणसांचे तपशील ओळख पटू नये इतके बदललेले आहेत.

एका गृहस्थाने कर्ज काढून दोन बोअर घेतले, दोन्ही कोरडे गेले. बांधापलीकडे चुलतभावाला पहिल्याच बोअरला पाणी लागलं. शेतीची वीज रात्रीच्या पाळीत आली की पलीकडची मोटार सुरू व्हायची. “मॅडम, पाणी त्याचं हाय, पण तो आवाज मला झोपू देईना,” ते म्हणाले. दिवसा पारावर बसून ते चुलतभावाबद्दल बोलत: पैसा कुठून आला, कुणाचा हात आहे, पोरं कशी माजलीत. बोललं की थोडं बरं वाटायचं. रात्री मोटार सुरू झाली की पुन्हा तेच.

जपानमध्ये हिदेहिको ताकाहाशी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी या विषयावर एक प्रयोग केला. तो २००९ मध्ये ‘सायन्स’ या नियतकालिकात प्रसिद्ध झाला. आपल्याच क्षेत्रातला, आपल्यासारखाच, पण आपल्याहून पुढे गेलेला माणूस डोळ्यांपुढे आणला की मेंदूतला जो भाग जागा होतो, तो वेदनेशीही निगडित असलेला भाग आहे. त्याच माणसावर संकट आल्याचं वाचलं की मेंदूची सुखाची यंत्रणा जागी होते. ज्यांना हेवा अधिक बोचला होता, त्यांना हे सुखही अधिक झालं. म्हणजे दुसऱ्याचं चांगलं पाहून आपल्या पोटात दुखतं, असं आपल्याकडे म्हणतात तेव्हा त्यातलं दुखणं खरं असतं.

माझं सगळं काम या एका गोष्टीवर उभं आहे. निंदा ही त्या दुखण्यावर घेतलेली वेदनाशामक गोळी आहे. तासाभराने तिचा असर उतरतो आणि दुखणं तिथेच असतं, म्हणून पुन्हा घ्यावी लागते. ‘लोकांना नावं ठेवू नका’ हा उपदेश आपण लहानपणापासून ऐकतो, तरी त्याचा उपयोग होत नाही, तो यामुळेच. दुखणाऱ्या माणसाची गोळी काढून घेतली की तो दुसरी शोधतो. आधी दुखतंय कुठे, ते त्याला स्वतःला कळायला हवं.

त्या गृहस्थांना मी चुलतभावाबद्दल चांगला विचार करा, असं सांगितलं नाही. मोटारीचा आवाज आला की अंथरुणात उठून बसायचं, एवढंच सांगितलं. श्वास जसा चालला आहे तसा पाहायचा. छातीत आवळतंय का, जबडा घट्ट झालाय का, पोटात काय होतंय, ते नुसतं बघायचं. मग मनातल्या मनात साध्या शब्दांत म्हणायचं: मला हेवा वाटतोय, मला दुखतंय. त्याला शिवी नाही, स्वतःलाही शिवी नाही. मनात चुलतभावाविषयीचं वाक्य उठलं तर ते उठलं हे पाहायचं आणि पुन्हा श्वासाकडे यायचं. ती लाट काही मिनिटांत ओसरते. ओसरते हे स्वतः अनुभवल्याशिवाय कुणाचा विश्वास बसत नाही.

या पद्धतीला आज ‘माइंडफुलनेस’ म्हणून जगभर ओळखतात. जॉन कबात-झिन यांनी १९७९ मध्ये मॅसॅच्युसेट्स विद्यापीठाच्या वैद्यकीय महाविद्यालयात ती रुग्णांसाठी सुरू केली. मूळ मात्र आपल्याच मातीतल्या बुद्धविचारात आहे, आणि मराठी वाचकापर्यंत ते आणण्याचं मोठं श्रेय गोव्यातल्या साखवाळला जन्मलेल्या धर्मानंद कोसंबींना जातं. पाचव्या शतकातल्या बुद्धघोषाचा ‘विसुद्धिमग्ग’ हा ध्यानावरचा थोर पाली ग्रंथ त्यांनी देवनागरीत संपादित केला, ‘समाधिमार्ग’ मराठीत लिहिला. पुढे सत्यनारायण गोएंका ब्रह्मदेशातून १९६९ मध्ये भारतात आले, आणि इगतपुरीचं धम्मगिरी उभं राहिलं. तिथल्या दहा दिवसांच्या शिबिरात शरीरातल्या संवेदना तटस्थपणे पाहायला शिकवतात आणि शेवटी मंगल मैत्री, म्हणजे सगळ्यांचं भलं चिंतणं, शिकवतात. हा क्रम मला फार महत्त्वाचा वाटतो. आधी पाहणं, मग करुणा. पाहण्याआधी करुणा आणायला गेलं की ती नुसती ओठांवर राहते.

बुद्धघोषाने मैत्रीभावनेचाही क्रम दिला आहे. सुरुवात स्वतःपासून: मी सुखी असो. मग आदरणीय माणूस, मग जिवलग, मग ज्याच्याविषयी आपल्याला ना प्रेम ना राग असा कुणी, आणि सगळ्यात शेवटी वैरी. वैऱ्यापासून सुरुवात करू नका, असं तो बजावतो. आमच्या गृहस्थांना स्वतःसाठीच चार शब्द म्हणणं सगळ्यात अवघड गेलं. दोन बोअर कोरडे गेलेल्या माणसाने स्वतःला आतून किती झोडपलेलं असतं! घर बुडवलं, बायकोचे दागिने गेले, आपण नालायक. मी असं पुन्हा पुन्हा पाहिलं आहे की जो बाहेर इतरांना फार नावं ठेवतो, तो आत स्वतःला त्याहून अधिक ठेवत असतो.

चुलतभावापर्यंत यायला त्यांना बराच काळ लागला. एका रात्री त्यांच्या लक्षात आलं की मोटार सुरू करायला तोही अंधारात, विंचूकाट्यातून चालत गेलेला आहे. त्याचंही कर्ज आहे, त्यालाही पाणी आटण्याची धास्ती आहे. “त्याचं पाणी टिकू दे, असं म्हणालो. आधी नुसतं तोंडानं.” त्यांचे बोअर आजही कोरडेच आहेत, बांधावरून जुनी तक्रार आहे तीही मिटलेली नाही. पण ते झोपतात, आणि दोघं रस्त्यात भेटले तर बोलतात. माझ्या दृष्टीने हे पुष्कळ आहे.

तरुणांत हे वेगळ्या रूपात दिसतं. पोलीस भरतीसाठी पहाटे एकत्र धावणारी पोरं असतात. एकाची निवड होते. गुलाल, डीजे, चौकात फ्लेक्स. दुसरा म्हणतो, पैसे भरले असतील. आणि त्याचं स्वतःचं धावणं बंद पडतं. नेदरलँड्समधल्या संशोधकांनी २००९ मध्ये हेव्याचे दोन प्रकार वेगळे करून दाखवले: एकात माणूस स्वतः वर चढायला बघतो, दुसऱ्यात समोरच्याला खाली ओढायला. त्या पोराला मी एवढंच विचारते की मित्र कसा धावत होता, काय वाचत होता. तो सांगू लागतो तेव्हा त्याच्या बोलण्यात मित्र परत येतो.

हेव्याची दुसरी बाजू भीतीची असते. नजर लागेल म्हणून चांगलं पीक लपवायचं, पोराचं लग्न ठरलं तरी सांगायचं नाही. दृष्ट काढण्यात आईची माया असते, तिला माझी हरकत नाही. पण घरात आजारपण आलं की ‘तिनंच केलं’ म्हणून एखाद्या एकट्या बाईकडे बोट दाखवलं जातं, तेव्हा प्रकरण गुन्ह्यापर्यंत गेलेलं असतं. त्यासाठी राज्यात २०१३ पासून जादूटोणाविरोधी कायदा आहे.

इथे एक गोष्ट ठामपणे सांगायला हवी. प्रत्येक राग हेव्यातून येत नाही. आगाऊ घेतलेली उचल फिटूनही फिटत नाही असं सांगणाऱ्या मुकादमावरचा ऊसतोड बाईचा राग, वाटणीत डावललेल्या बहिणीचा राग, हा अन्यायावरचा राग आहे. त्यांना ‘मैत्रीची भावना करा’ म्हणणं हे क्रौर्य आहे. त्यांना हिशेब, वकील आणि सोबत हवी. स्वतःला विचारायचा प्रश्न साधा आहे: त्याच्याकडून माझं काही हिरावलं गेलंय, की त्याला मिळालं एवढंच मला खुपतंय? तसंच, झोप-भूक गेली, जगू नये असं वाटू लागलं, तर ध्यानावर विसंबू नका. डॉक्टर गाठा, किंवा टेली-मानसच्या १४४१६ या मोफत क्रमांकावर कोणत्याही वेळी फोन करा.

आमच्या भागातल्या हरिनाम सप्ताहांत मी जाते ती एक रीत पाहायला. वारकरी एकमेकांच्या पाया पडतात. वय नाही, जात नाही, श्रीमंती नाही. ज्याच्याशी वर्षभर बांधावरून वाद, तोही समोर येतो आणि दोघे वाकतात. वाकताना माणसाला नावं ठेवता येत नाहीत. शेवटी पसायदान होतं. ज्ञानेश्वरी १२९० मध्ये नेवाशाला सांगितली गेली, ते गाव इथून फार दूर नाही. त्या मागण्यात दुष्टांचा नाश मागितलेला नाही, त्यांचा वाकडेपणा जावा एवढं मागितलं आहे. हजारो माणसं हे पाठ म्हणतात. दुसऱ्या दिवशी पारावर त्यातला एक शब्द जरी आठवला तरी पोलीस ठाण्यात जाणाऱ्या भावकीच्या तक्रारी कमी होतील, असं मला मनापासून वाटतं.

बुद्धघोषाने राग शमत नसेल तर अखेरचा एक उपाय सांगितला आहे: त्या माणसाला काहीतरी द्या, आणि त्याने दिलेलं घ्या. तेव्हा वाचकहो, टोळ्या निघण्याआधी, घरांना कुलपं लागण्याआधी, ज्याचं नाव निघालं की तुमचा आवाज बदलतो त्याच्या घरी या दिवाळीत फराळाचं ताट घेऊन जा. पोराच्या हाती पाठवू नका, स्वतः जा. आणि त्यांनी समोर बशी ठेवली, तर बसून खा.