माझी समवयस्क

माणसाच्या आवडी दोन प्रकारच्या असतात. काही चारचौघांत सांगायच्या आणि काही उशीखाली ठेवायच्या. गाण्याचा विषय निघाला म्हणजे मी किशोरीबाईंचा भूप सांगते, कुमारांची निर्गुणी भजने सांगते. आणि त्या आवडी खोट्या आहेत असे कोणी समजू नये. पण घरात कोणी नसताना, धुतलेल्या कपड्यांच्या घड्या घालता घालता माझ्या तोंडी जे गाणे येते ते ना भूपाचे असते, ना भजनाचे. ते असते नाझिया हसनचे!

हे नाव ऐकून आमच्या वयाची मंडळी गालांतल्या गालांत हसतील आणि त्यांच्या मुलांना काहीच बोध होणार नाही. त्या मुलांसाठी थोडे सांगायला हवे. नाझिया कराचीची, जन्म ३ एप्रिल १९६५. १९८० साली फिरोझ खान यांचा ‘कुर्बानी’ आला. त्याला संगीत कल्याणजी-आनंदजींचे. पण ‘आप जैसा कोई’ हे एक गाणे बिड्डू यांनी केले. हे बिड्डू मूळचे बंगळूरचे, इंग्लंडला जाऊन तिथल्या संगीताच्या धंद्यात नाव काढलेले. त्यांनी हे गाणे लंडनला गाऊन घेतले, आणि तेही कोणा नावाजलेल्या गायिकेकडून नव्हे, तर तिथे राहणाऱ्या एका शाळकरी मुलीकडून. तिचाच आवाज दोनदा ध्वनिमुद्रित करून त्यांनी एकावर एक ठेवला. पडद्यावर झीनत अमान लाल पोशाखात नाचली, आणि तिच्या ओठांतून पंधरा वर्षांची नाझिया सगळ्या हिंदुस्थानभर गेली. १९८१ साली याच गाण्याला पार्श्वगायनाचे फिल्मफेअर पारितोषिक मिळाले. तोवर इतक्या लहान वयाच्या गायिकेला ते कधी मिळाले नव्हते.

सांगलीला ती आली गणपतीत. आमच्या गल्लीतल्या मंडळाचा कर्णा सकाळी आरती म्हणे, दुपारी भक्तिगीते म्हणे आणि दिवेलागण झाली की एकदम लंडनला जाई! मीही पंधरा वर्षांचीच होते. दोन वेण्या, शाळेचा निळा परकर आणि बीजगणिताची धास्ती, एवढाच माझा प्रपंच. आणि माझ्याच वयाची एक मुलगी तिकडून अशी गात होती, की जणू तिला कोणाची परवानगीच लागत नव्हती! मला तिचा हेवा वाटला. प्रेमाची सुरुवात पुष्कळदा हेव्यानेच होते, असे आता मला वाटते.

शेजारचे आजोबा फाळणीपूर्वी कराचीला नोकरीत होते. सिंध १९३६ पर्यंत मुंबई इलाख्यातच होता. त्यामुळे कराची त्यांना परकी अशी कधी वाटलीच नाही. पोरगी कुठली हे कळल्यावर ते म्हणाले, “म्हणजे आमच्या गावची की!” झाले. आमच्या गल्लीने तिला दत्तक घेऊन टाकली.

पण खरी गोष्ट पुढेच आहे. माझी आई माहेरी गाणे शिकलेली. लग्नात तिच्याबरोबर एक पायपेटी आली होती. ती आमच्या माजघरात होती. तिच्यावर चादर होती आणि चादरीवर लोणच्याच्या बरण्या होत्या. आईला गाऊ नको असे कोणी ओरडून सांगितले नव्हते. आमच्यासारख्या घरांत अशा गोष्टी ओरडून सांगाव्या लागत नाहीत. कोणी जरा जास्त वेळ खाकरले म्हणजे पुरे होते.

त्या वर्षीच्या दिवाळीत आई चकल्या तळत होती, मी सोऱ्या फिरवीत होते आणि शेजारच्या रेडिओवर हे गाणे लागले. मी हळूच आईकडे पाहिले. गाण्याच्या बाबतीत ती फार कडक. सुरात जरा उणे दिसले की तिच्या कपाळाला आठी पडे. तिने झाऱ्या हातात धरून गाणे शेवटपर्यंत ऐकून घेतले. चकल्या थोड्या जास्तच लाल झाल्या. मग ती म्हणाली,

“नाकात गाते गं पोरगी. पण खोटं नाही गात.”

मी उगीच म्हटले, “माझ्याएवढीच आहे म्हणे ती.”

आई जरा थांबली. “एवढं धीट गाते, म्हणजे तिला घरात कुणी गप्प बस म्हणालं नसणार.”

बस्स, एवढेच. पुन्हा चकल्या सुरू झाल्या. पण भाऊबिजेच्या दुसऱ्या दिवशी शाळेतून आले तो बरण्या जमिनीवर होत्या आणि पेटी उघडी होती. आई त्या परदेशी चालीचे सूर पेटीवर शोधीत होती. बाहेरच्या खोलीत वडील होते. ते खाकरले, आई थांबली नाही. त्या दिवसानंतर बरण्या फडताळात गेल्या त्या गेल्याच. पुढे गल्लीतल्या चार मुली तिच्याकडे शिकायला येऊ लागल्या. त्यांना मात्र तिने भूपच शिकवला!

१९८१ साली ‘डिस्को दीवाने’ आली. ती आणि तिचा भाऊ झोहेब, संगीत बिड्डूंचेच. चित्रपटावाचून गाण्याची ध्वनिमुद्रिका एवढी खपते याचे तेव्हा भल्याभल्यांना नवल वाटले. आपल्याला ते वाटायला नको होते. आपल्या भावगीताने चित्रपटाचे बोट न धरता घरोघर जाऊन दाखवले होतेच. मग १९८२ साली ‘स्टार’ चित्रपटातली गाणी आली. चित्रपट पडला, गाणी तेवढी उभी राहिली. १९८४ साली ‘यंग तरंग’, १९८७ साली ‘हॉटलाइन’, १९९२ साली ‘कॅमेरा कॅमेरा’; आणि गाणे संपले. तिने कायद्याचा अभ्यास केला, संयुक्त राष्ट्रसंघात काम केले, अमली पदार्थांविरुद्धच्या कार्यात भाग घेतला. गाण्याने तिला पंधराव्या वर्षी सगळे देऊन टाकले होते. तरी तिला आणखी काही व्हावेसे वाटले, याचे मला फार कौतुक वाटते.

इकडे आमच्या सांगलीनेच दुसरीही एक मुलगी पाहिली होती. मास्टर दीनानाथ १९४२ साली गेले आणि लताबाईंनी तेराव्या वर्षी घराचा भार गळ्यावर घेतला. एकीने घर चालावे म्हणून गायले; दुसरीला गावेसे वाटले म्हणून तिने गायले. या दोघींची तुलना करण्याइतकी मी वेडी नाही. पण मुलींनी नुसत्या हौसेने गावे, असेही दिवस कधीतरी यावेतच ना?

१३ ऑगस्ट २००० रोजी लंडनमध्ये फुप्फुसाच्या कर्करोगाने नाझिया गेली. वय पस्तीस. मीही पस्तिशीची होते. मुलगी तीन वर्षांची. वर्तमानपत्रातली बातमी वाचून मी स्वयंपाकघरात गेले आणि कुकर लावला. दुसरे काय करणार? तिची माझी ओळख थोडीच होती! पण आपल्या वर्गातली पहिल्या बाकावरची मुलगी गेल्यावर जसे पोटात तुटते, तसे तुटले. तेव्हापासूनचा माझा प्रत्येक वाढदिवस मला थोडा आगाऊ वाटतो. सोबत निघालेली वाटेत थांबली आणि आपण उगीच पुढे चालत राहिलो, असा.

२०१२ साली ‘स्टुडंट ऑफ द इयर’ चित्रपटात तिचे जुने गाणे नव्या साजात आले. माझी मुलगी तेव्हा पंधरा वर्षांची. ती खोलीभर नाचत होती. मी दारात उभी. म्हणाली, “आई, हा मधला जुना आवाज कुणाचा गं? मस्त आहे!” मी नाव सांगितले. “कोण होती ती?” तिने विचारले. मी म्हटले, “माझ्या वर्गातली.”

तिला ते खरेच वाटले. मीही ते दुरुस्त केले नाही.

आता मी साठी गाठली आहे आणि नाझिया पंधराचीच आहे. आधी ती मला समवयस्क होती, मग धाकट्या बहिणीसारखी झाली, पुढे लेकीसारखी. आता तो आवाज ऐकला की हेवा वाटत नाही. उलट, उशिरा घरी येणाऱ्या नातीला म्हणावे तसे म्हणावेसे वाटते, ‘अगं, गार हवा आहे, गळ्याला काही गुंडाळ.’ फक्त ‘आता पुरे, गप्प बस’ एवढे मात्र तोंडून येत नाही. ते शब्द आमच्या घरातून १९८० च्या दिवाळीतच गेले.