पाटाएवढी नदी

माणदेशात नदी म्हणजे वाळू. वर्षातले दहा महिने पात्रातून बैलगाडी जाते, पोरं विटीदांडू खेळतात. अशा गावातून माझे आबा फौजेत गेले आणि इटलीत त्यांच्या वाट्याला युद्ध आलं ते नद्यांचंच. नोव्हेंबर १९४३ मध्ये सांग्रो, एप्रिल १९४५ मध्ये सेनियो. मधल्या दीड वर्षात किती ओलांडल्या ते त्यांनाही मोजता यायचं नाही. जर्मन पूल उडवत मागे सरायचे आणि पलीकडच्या काठावर पुन्हा दबा धरून बसायचे.

लहानपणी मला पराक्रम ऐकायचा असे. ९ एप्रिल १९४५ ला सेनियोवर शिपाई नामदेव जाधव यांनी दोन जखमी साथीदारांना खोल पाण्यातून, सुरुंगांच्या पट्ट्यातून सुखरूप आणलं, मशीनगनची ठाणी गप्प केली, त्यांना व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. आबा त्याच जंगी पलटणीतले. मी खोदून खोदून विचारी. ते एवढंच म्हणत, "नदी कसली रं, आपल्या पाटाएवढी."

पुढे वाचताना कळलं, त्या चिंचोळ्या पाण्याच्या दोन बाजूंना दोन्ही फौजा जानेवारीपासून एप्रिलपर्यंत समोरासमोर बसून होत्या.

आबांच्या आठवणीत तोफा फारशा नव्हत्याच. द्राक्षमळ्यांच्या तारा होत्या, बुटात गोठलेली बोटं होती. आणि एक म्हातारी. पडक्या घराच्या उंबऱ्यावर बसून तिनं ओट्यातली भाजलेली चेस्टनटं त्यांच्या ओंजळीत टाकली. "शिंगाड्यावाणी लागत्यात," आबा सांगत आणि ओंजळ करून दाखवत. तिचा लेक कुठल्या बाजूनं लढत होता, हे त्यांनी विचारलं नाही.

का गेलात, याला उत्तर एकच: "तिकडं रोज भाकरी हुती." या उत्तरानं शाळकरी वयात मी खट्टू होई. आज मला तेच सगळ्यात खरं वाटतं. दुष्काळानं त्यांना भरतीच्या रांगेत उभं केलं होतं. इटलीत सुमारे ५० हजार हिंदी सैनिक लढले, पावणेसहा हजारांच्या आसपास परत आले नाहीत. माणगावजवळच्या पळसगावचे नाईक यशवंत घाडगे १० जुलै १९४४ ला टायबरच्या खोऱ्यात पडले, तेव्हा बावीस वर्षांचे होते. त्यांची कबर नाही. कासिनोच्या स्मारकावर नाव आहे. मोन्तोने गावात त्यांच्या स्मरणार्थ छायाघड्याळ उभारलं गेलं ते २०२३ मध्ये. तोवर त्यांना ओळखणारं कोण उरलं असेल, या विचारानं जीव कासावीस होतो.

एका वर्षी आमच्या नदीला पाणी आलं. सारा गाव खणानारळ घेऊन काठावर. बाया ओटी भरत होत्या, पोरं पाण्यात लोळत होती. आबा मात्र वर, बाभळीखाली, चपला न काढता उभे.

"आबा, पाण्याला भिताय व्हय?" मी विचारलं.

"पान्याला न्हाय," ते पलीकडच्या काठाकडं बघत म्हणाले. "तिकडं झाडीत कोन हाय का बघ जरा."