पाण्याचा थेंब

लक्ष्मीपूजनाच्या वाती माझी माय घरच्या कापसाच्याच वळायची. दुकानातला औषधी कापूस तिला चालत नसे. का, म्हणून विचारले की म्हणे, "आपल्या कापसाले पानी लागत नाई रे बापू, तेल मात्र लागते."

गेल्या दिवाळीच्या सुटीआधी तिचे हे कोडे मी वर्गात मांडले. सरकी काढलेल्या कापसावर पाण्याचा थेंब ठेवला. अळवाच्या पानावर बसावा तसा तो बसून राहिला. औषधी कापसात मात्र क्षणात जिरला. तो पाण्यात 10 सेकंदांच्या आत बुडावा, असा दंडकच आहे. मग घरचा कापूस साबण-सोड्यात उकळून वाळवला. आता त्यानेही थेंब गिळला. मुले चकित!

कापसात शेकडा नव्वदांहून अधिक सेल्युलोज. त्याला पाण्याची भारी ओढ. पण तंतूच्या अंगावर मेणाचा लेप असतो, वजनात शेकडा एकाहूनही कमी. तेवढाच पाण्याला दाराशी थोपवतो आणि तेलाला आत घेतो. मायचे बरोबर होते.

मागच्या बाकावरच्या एका पोरीने विचारले, "गुरुजी, मंग ग्रेडर चिमटीत धरून काय पाह्यते?"

मी गप्प झालो. खामगावच्या कापूसबाजारासाठी 1870 सालीच रेल्वेचा फाटा आला, इतका आमचा बुलढाणा जिल्हा कापसाचा जुना. पण माझ्या लहानपणी एका खरेदी केंद्रावर बाप दोन रात्री बंडीखाली झोपला होता. ग्रेडरने चिमूटभर कापूस ओढून पाहिला आणि एक शब्द बोलला. प्रत उतरली. मायचे लुगडे त्या एका शब्दात गेले. बापाने का म्हणून विचारले नाही. विचारणार तरी काय?

पोरीला म्हटले, "तंतू किती लांब, किती तलम, हे बोटे पाहतात. प्रयोगशाळेत ठरल्या वजनाचा कापूस दाबून त्यातून हवा सोडतात. तंतू जितके बारीक, तितके त्यांचे एकूण अंग जास्त, आणि हवेला अडथळाही जास्त. त्याचा आकडा मिळतो. बोटेही खोटी नसतात, बेटा. पण आकडा पुन्हा मोजून मागता येतो, बोटांचा निकाल मागता येत नाही."

ती काही बोलली नाही. दुसऱ्या दिवशी मात्र ओंजळभर घरचा कापूस घेऊन आली. त्या लक्ष्मीपूजनाला वाती त्याच कापसाच्या वळल्या. वळण्यापूर्वी मी त्यावर एक थेंब ठेवून पाहिला. माय असती तर हसली असती.