आधी तपास, मग आरोप

गेल्या पावसाळ्यातली गोष्ट आहे. विरार लोकलमध्ये दीड तास उभ्याने प्रवास करून रात्री आठला चंदनसारला घरी पोहोचलो, तर थोरली मुलगी रडवेल्या चेहऱ्याने लॅपटॉपसमोर बसलेली. पडद्यावरचा बाण जागच्या जागी थिजला होता.

"पप्पा, पुन्हा अडकला. मी काहीच केलं नाही."

दमलेल्या माणसाची जीभ सैल असते. मी बोलून गेलो, "तू काहीबाही उतरवून घेतेस त्यात, म्हणूनच होतं हे!" ती एक शब्द न बोलता उठून स्वयंपाकघरात गेली.

लॅपटॉप तसा जुनाच. सात वर्षांचा, तोही दुसऱ्याच्या हातचा घेतलेला. पण त्यात आमच्या वस्तीतल्या 34 मुलांचे कागद होते. जातीचे दाखले, उत्पन्नाचे दाखले, गुणपत्रिका असे सगळे. महाडीबीटीवर शिष्यवृत्तीचे अर्ज भरायचे म्हणून दर रविवारी बसून मी ते स्कॅन करून ठेवले होते. या मुलांचे आईवडील म्हणजे नाक्यावर उभे राहणारे, घरकाम करणाऱ्या, बारा बारा तास वॉचमनची ड्यूटी करणारे. तेच कागद पुन्हा मागायचे म्हणजे प्रत्येकाचा एक दिवसाचा रोज बुडणार. आमच्या अर्जांची मुदत बारा दिवसांवर आलेली. म्हणून हा प्रश्न केवळ माझ्या घरातल्या एका यंत्राचा नव्हता.

दुसऱ्या दिवशी एका दुकानात लॅपटॉप दाखवला. त्या गृहस्थांनी चालू करून पाच मिनिटे पाहिला आणि सांगितले, "मदरबोर्ड गेलाय साहेब. नवीनच घ्या." यंत्र उघडूनसुद्धा पाहिले नाही. मी मुकाट्याने लॅपटॉप पिशवीत घातला. घरी येताना मनात आले, काल मी मुलीला जे केले, तेच आज यांनी यंत्राला केले. पुरावा नाही, तपास नाही, निकाल मात्र तयार!

वाचकहो, मी बी.कॉम. झालेला कारकून. संगणकाचे शिक्षण म्हणाल तर नोकरीसाठी केलेला एमएस-सीआयटी, तेवढाच. पण चूक शोधणे हे तर आमचे रोजचे काम. तेरीज जुळली नाही म्हणून कोणी सगळी खतावणी फेकून देत नाही. आधी फरक किती तो काढतात. फरकाला 9 ने भाग जात असेल तर कुठेतरी आकड्यांची अदलाबदल झाली असावी. उदाहरणार्थ, 540 च्या जागी 450 लिहिले की 90 चा फरक येतो. फरकाच्या निम्मी रक्कम एखाद्या नोंदीत दिसली तर ती जमेची नावे पडली का, ते पाहतात. म्हणजे फरक स्वतःच वाट दाखवतो. मग लॅपटॉपच्या बाबतीत तसे का करू नये?

पहिले काम केले ते दुरुस्तीचे नव्हे, कागद वाचवण्याचे. पेन ड्राईव्ह लावून मुलांच्या फाईली उतरवायला घेतल्या. संध्याकाळी दोनदा प्रयत्न केला, दोन्ही वेळा दहा मिनिटांत सगळे ठप्प. पहाटे पाचला उठून पुन्हा लावले, तर चाळीस मिनिटे बिनतक्रार चालला! सगळ्या फाईली आल्या आणि जीव भांड्यात पडला. कोणाच्याही घरी यंत्र त्रास देऊ लागले तर हेच आधी करावे. यंत्र पुन्हा विकत मिळते, आपले कागद मिळत नाहीत.

नंतर मुलीची एक जुनी वही घेतली आणि रकाने आखले. तारीख, वेळ, काय उघडले होते, काय झाले. संगणकाच्या इतिहासात अशी एक वही प्रसिद्धच आहे. 9 सप्टेंबर 1947 रोजी अमेरिकेत हार्वर्ड विद्यापीठाच्या मार्क 2 या अवाढव्य संगणकात एक पतंग अडकलेला सापडला. तिथल्या मंडळींनी तो चिकटपट्टीने नोंदवहीत चिकटवला आणि वेळेसह नोंद केली. ती वही आज वॉशिंग्टनच्या संग्रहालयात जपून ठेवलेली आहे.

आमच्या वहीत तीन दिवसांत अकरा नोंदी झाल्या. त्या पाहिल्यावर कळले की आजार एक नसून दोन आहेत. पहिला, यंत्र पूर्ण थिजण्याचा. अशा वेळी कॅप्स लॉकचे बटण दाबून पाहावे. त्याचा दिवा लागत-विझत असेल तर विंडोज बहुधा जिवंत असते, एखादाच प्रोग्राम अडकलेला असतो. तो टास्क मॅनेजरमधून बंद करता येतो. आमचा दिवा हलतच नव्हता. आणि हे व्हायचे ते पंखा घरघरू लागल्यावर, लॅपटॉपची डावी बाजू तापल्यावरच. दुसरा आजार, चालू प्रोग्राम आपोआप बंद पडण्याचा. त्याला वेळकाळ नव्हता. कधी ब्राउझर, कधी हिशेबाचा तक्ता, दोनदा तर निळा पडदा, तोही दर वेळी वेगळा मजकूर दाखवणारा. एकच प्रोग्राम पडत असता तर संशय त्या प्रोग्रामवर घेतला असता. सगळेच पडतात म्हणजे दोष त्यांच्या खालच्या पायात असावा.

तरी मुलीवर केलेल्या आरोपाचा तपास बाकी होता. तिने काही भलतेसलते टाकले असेल का? त्यासाठी लॅपटॉप सेफ मोडमध्ये सुरू केला. या पद्धतीत विंडोज फक्त अत्यावश्यक भाग घेऊन उठते, बाहेरून टाकलेले बरेचसे बाजूला राहते. हा उपाय केवळ घरगुती नाही. 19 जुलै 2024 रोजी क्राउडस्ट्राइक कंपनीच्या सुरक्षा सॉफ्टवेअरच्या एका सदोष अपडेटमुळे जगभरातील सुमारे 85 लाख विंडोज संगणक कोसळले. आपल्या देशातही विमानतळांवर हाताने लिहिलेले बोर्डिंग पास द्यावे लागले. कारण काय, तर नमुन्यात 21 रकाने धरले होते आणि माहिती 20 रकान्यांचीच येत होती. कारकुनी चूकच म्हणायची! ते संगणकही ठिकठिकाणी सेफ मोडमध्ये उठवून, ती एक फाईल हाताने काढून सुरू करावे लागले.

आमचा लॅपटॉप मात्र सेफ मोडमध्येही दोनदा पडला. म्हणजे बाहेरून टाकलेल्या प्रोग्रामांवर बोट ठेवायला जागा उरली नाही. मुलगी निर्दोष ठरली. मी ते वहीत लिहिले, पण तिला सांगण्याचे धाडस त्या रात्री झाले नाही.

शनिवारी लॅपटॉप बंद करून, चार्जर काढून खालचे झाकण उघडले. आत शिरल्याबरोबर बॅटरीची वायर सोडवली. पाहतो तो पंखा आणि त्यापुढच्या पातळ पत्र्यांची जाळी यांच्यामध्ये धुळीचा जाड थर, अगदी नमद्यासारखा. गरम हवा बाहेर पडायला वाटच नव्हती. प्रोसेसर फार तापला की आधी स्वतःचा वेग कमी करतो आणि तरीही उष्णता हटली नाही तर काम थांबते. पंख्याचे पाते बोटाने धरून, मऊ ब्रशने धूळ काढली. ही धूळ आली कुठून? आमच्याकडे इमारतींची कामे चालूच असतात, ती एक. पण खरी गोष्ट पत्नीने सांगितली. "रात्री गोधडीवर लॅपटॉप ठेवून हिशेब कोण करतं?" गोधडीने खालची छिद्रे बंद होतात, तिचे तंतू आत ओढले जातात. आणि रोज रात्री गोधडीवर बसणारा तो मीच!

थिजणे त्या दिवसापासून थांबले. पण प्रोग्राम पडायचे काही थांबेनात. हिशेबातही असे होते. एक चूक सापडली की आनंदाने वही मिटावी, आणि तिच्याआड दुसरी तशीच राहावी. म्हणून विंडोजमध्येच असलेली मेमरी तपासणी रात्रभर लावली. सकाळी पडद्यावर दोष असल्याची सूचना होती. आमच्या लॅपटॉपमध्ये रॅमच्या दोन पट्ट्या होत्या. त्या काढून कडा पुसून पुन्हा घट्ट बसवल्या, कारण दमट हवेत जोड सैल पडू शकतो. फरक पडला नाही. मग एकच पट्टी ठेवून तपासले, नंतर दुसरी ठेवून, मग खाचा बदलून. एका वेळी एकच बदल, हा नियम मोडायचा नाही. नाहीतर गुण कशाने आला तेच कळत नाही. शेवटी निघाले असे की दोन्ही खाचा ठीक, एक पट्टी ठीक आणि एक खराब. ग्रँट रोडला उतरून लॅमिंग्टन रोडवर तशीच पट्टी घेतली. नव्या लॅपटॉपच्या किमतीपुढे तो खर्च किरकोळच. मदरबोर्डला काहीही झालेले नव्हते.

मुदतीच्या तीन दिवस आधी 34 अर्ज भरून झाले. त्यातले निम्मे माझ्या मुलीने भरले. शेवटचा अर्ज पाठवल्यावर मी तिला म्हणालो, "बाळ, त्या दिवशी मी उगाच बोललो. चूक माझी होती." ती हसली नाही, रागावलीही नाही. "पप्पा, आधी विचारायचं होतं ना," एवढेच म्हणाली. खरे सांगतो, साहेबाचे बोलणेही मला कधी इतके लागले नव्हते.

आपल्या घरांत यंत्र बिघडले की पहिला संशय पोरांवर जातो, त्यातही मुलींवर. "तुला कोणी हात लावायला सांगितला?" असे एकदा बोलले की ती पोर पुढे त्या यंत्राला हात लावायलाच घाबरते. बिघडलेली पट्टी बदलता येते, पण मनात बसलेली ती भीती लवकर निघत नाही.

म्हणून माझे सांगणे एवढेच. यंत्र अडले तर आधी फाईली वाचवा. वही घाला. सेफ मोडमध्ये पाहा, धूळ पाहा, मेमरी तपासा आणि एका वेळी एकच गोष्ट बदला. बॅटरी फुगलेली दिसली तर मात्र घरी हात लावू नका, चार्जर काढून सरळ जाणकाराकडे न्या. आणि कोणी न उघडताच निदान सांगितले तर नम्रपणे विचारा, "हे तुम्हाला कशावरून कळलं?"

ती वही आता मुलांच्या अभ्यासवर्गाच्या कपाटात असते. शेवटच्या पानावर मुलीच्या अक्षरात लिहिले आहे : "कारण 1 : धूळ आणि पप्पांची गोधडी. कारण 2 : रॅमची एक पट्टी." खाली तिने माझी सही मागितली होती. मी केली आहे.