हिरवी मस्टँग

११ जानेवारी २०२०. ‘बुलिट’ चित्रपटातील १९६८ ची गर्द हिरवी फोर्ड मस्टँग काल फ्लोरिडात किसिमी येथे लिलावास निघाली आणि दलालीसह ३७ लाख ४० हजार डॉलरांस परहस्ती गेली. सॅन फ्रान्सिस्कोच्या चढउतारांवर जिच्या ३९० घनइंची इंजिनाचा गंभीर निनाद घुमला, ती गाडी १९७४ मध्ये एका कुटुंबाने खरेदी केली, घरच्या शिक्षिकेने शाळेत जाण्यासाठी वापरली, आणि १९७७ साली चित्रपटाचा नायक खुद्द स्टीव्ह मॅक्वीन याने पत्र धाडून मागितली असताही तिजवरील कबजा सोडला नाही, या निष्ठेचे मोल मला त्या रकमेहून अधिक वाटते. तिचा जीर्ण रंगही त्यांनी, नूतनीकरणाचा मोह आवरून, तसाच राखला. नव्या मालकाने तिला बंदिस्त दालनात न कोंडता अधूनमधून रस्त्यावर आणावे, एवढीच माझी मनःपूर्वक इच्छा.